टीव्हीचा आवाज आतल्या खोलीत नेताना

नागपुरात मार्च सरत आला की खिडक्यांना कूलर लागतात आणि पावसाळा स्थिरावेपर्यंत घराघरांतील टीव्हीचा आवाज चढाच राहतो. कूलरचा पंखा, पाणी चढवणारी मोटर आणि वाळ्यावरून झिरपणारे पाणी यांचा मिळून जो अखंड घोष तयार होतो, तो कोणत्याही एका सुरात नसतो. खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो, आणि म्हणूनच बोलण्यातील नेमका नाजूक भाग तो झाकून टाकतो. बोलण्यातील स्वर जोरकस असतात, ते कूलरमधूनही ऐकू येतात. परंतु स, श, च, त, क यांसारख्या व्यंजनांची ओळख पटवणारा बराचसा अंश २००० हर्ट्झच्या वरच्या पट्टीत असतो आणि त्याचा जोर मुळातच कमी असतो. वाढत्या वयात कानाची शक्तीही प्रथम वरच्या पट्टीतच कमी होते. त्यामुळे कोणीतरी बोलत आहे हे कळते, पण काय बोलत आहे हे कळत नाही, अशी तक्रार घरातील वडीलधारी माणसे करतात तेव्हा ती अक्षरशः खरी असते.

प्रतापनगरातील आमचे घर लांबट प्लॉटवर बांधलेले आहे. पुढे बैठक, तिच्यामागे मधली खोली, आणि त्याही मागे एका बाजूला सासूबाईंची खोली व दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघर. टीव्ही बैठकीत आहे. गुडघ्यांच्या दुखण्यामुळे आईंना संध्याकाळभर बैठकीतल्या सोफ्यावर बसवत नाही. त्यांना आपल्या पलंगावर आडवे पडून बातम्या आणि कीर्तन ऐकायचे असते. मला स्वयंपाक करताना क्रिकेटचे समालोचन हवे असते. २०२५च्या मार्चच्या आरंभी जामठ्याच्या मैदानावर केरळविरुद्धचा अंतिम सामना अनिर्णित राहून विदर्भाने पहिल्या डावातील आघाडीच्या बळावर तिसऱ्यांदा रणजी करंडक मिळवला, तेव्हा ते समालोचन मी पोळ्या लाटता लाटता प्रत्येक शब्दासह ऐकले, आणि त्या वेळी बैठकीतील टीव्ही नेहमीच्याच आवाजात होता. हे कसे साधले, आणि त्यातला कोणता भाग इतरांच्या घरी जसाच्या तसा लागू पडेल व कोणता पडणार नाही, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम अंतराचा हिशेब. ध्वनी उगमापासून दूर जाताना क्षीण होत जातो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की त्याची पातळी ६ डेसिबलने उतरते. घरात भिंतींवरून परावर्तन होत असल्याने उतार थोडा कमी असतो, परंतु दारे आणि वळणे ती सवलत पुष्कळ प्रमाणात काढून घेतात. आईंचा पलंग टीव्हीपासून सुमारे १० मीटरवर आहे. पलंगापासून १ मीटरवर एक लहान स्पीकर ठेवला, तर मोकळ्या हवेच्या हिशेबाने तो १० मीटरवरच्या तशाच स्पीकरपेक्षा २० डेसिबलने सरस ठरतो. हीच भरपाई बैठकीतून करायची म्हटले तर टीव्हीला १०० पट शक्ती लागेल, बैठकीत बसणाऱ्यांना ते असह्य होईल आणि शेजाऱ्यांनाही त्याचा त्रास होईल. आवाज मोठा करण्यापेक्षा तो ऐकणाऱ्याच्या जवळ न्यावा, हे एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न उरतो तो कोणत्या मार्गाने न्यायचा हा.

या प्रश्नाला दुकानात मिळणारे उत्तर ठरलेले आहे. बर्डीवरील कोणत्याही दुकानात गेलात तरी ‘ताई, ब्लूटूथ लावून टाका, तारेची भानगडच नको’ असेच सांगितले जाते. हे उत्तर काही घरांसाठी योग्यही आहे. पण कूलर लावणाऱ्या घरासाठी ते बहुधा योग्य नसते, आणि त्याचे कारण कूलरच्या कार्यपद्धतीतच आहे. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या वाळ्यातून आत ढकलतो. ती हवा घरातून बाहेर पडायला वाट नसेल तर आत दमटपणा साचतो आणि थंडावा येत नाही. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यात आतली दारे आणि मागची खिडकी उघडी ठेवावी लागते. एसी लावणारे घर दारे बंद करते, कूलर लावणारे घर दारे उघडते. दारे उघडी असली की बैठकीतील टीव्ही आणि आतल्या खोलीतील स्पीकर हे दोन्ही आवाज दोन्ही खोल्यांत ऐकू येतात, आणि त्या दोन आवाजांमधील वेळेचे अंतर हाच सगळ्या व्यवस्थेचा कळीचा मुद्दा होऊन बसतो.

३० अंश सेल्सिअस तापमानाला ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३५० मीटर जातो; म्हणजे १० मीटर अंतर कापायला त्याला साधारण २९ मिलिसेकंद लागतात. तारेतून जाणारा विद्युतसंदेश मात्र त्याच क्षणी पोहोचतो. त्यामुळे तारेने जोडलेला आतला स्पीकर टीव्हीबरोबरच बोलतो, आणि टीव्हीचा हवेतून येणारा आवाज आईंच्या कानापर्यंत २९ मिलिसेकंद उशिरा व बराच क्षीण होऊन येतो. इतक्या कमी अंतराने आलेले दोन आवाज माणसाला वेगळे वाटत नाहीत. जर्मन संशोधक हेल्मुट हास यांनी १९५१मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे दाखवून दिले: बोलण्याची दुसरी आवृत्ती पहिलीच्या मागून सुमारे ३० मिलिसेकंदांच्या आत आली, तर कान ती पहिलीतच मिसळून घेतो, आणि दुसरी आवृत्ती पहिलीहून काहीशी मोठी असली तरीही आवाज पहिल्याच दिशेने येत असल्यासारखा वाटतो. अंतर ५० मिलिसेकंदांच्या पलीकडे गेले की बोलण्यात प्रतिध्वनी जाणवू लागतो.

आता ब्लूटूथचे पाहू. ब्लूटूथवर आवाज पाठवताना तो आधी तुकड्यांत दाबून भरावा लागतो, पाठवावा लागतो, पलीकडे साठवून पुन्हा उलगडावा लागतो. सगळ्या उपकरणांत असणाऱ्या एसबीसी या मूळ पद्धतीत याला सर्वसाधारणपणे १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. मधला २०० हा आकडा धरला, तर आईंच्या खोलीत टीव्हीचा हवेतून आलेला आवाज २९व्या मिलिसेकंदाला पोहोचतो आणि पलंगाजवळचा स्पीकर २००व्या मिलिसेकंदाला बोलतो, फरक १७१. बैठकीत बसलेल्यांना तर आतल्या स्पीकरचा आवाज २२९ मिलिसेकंद मागून ऐकू येतो. निवेदक प्रत्येक शब्द दोनदा बोलत आहे असे भासते, आणि जी व्यंजने कूलरपासून वाचवायची होती ती या दुहेरी आवाजात पुन्हा बुडतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते, कारण तिच्याविषयी पुष्कळ गोंधळ दिसतो. ब्लूटूथच्या उशिराची चर्चा नेहमी ओठांची हालचाल आणि आवाज यांच्या मेळाविषयी चालते. त्या बाबतीत माणूस बराच सहनशील आहे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८च्या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या सुमारे १२५ मिलिसेकंद मागे पडेपर्यंत प्रेक्षकाच्या ते लक्षात येत नाही, आणि चित्राच्या पुढे गेला तर मात्र सुमारे ४५ मिलिसेकंदांतच जाणवते. पण आतल्या खोलीत चित्रच दिसत नाही. तेथे ओठांचा मेळ हा प्रश्नच नाही. दोन आवाजांचा एकमेकांशी मेळ हा खरा प्रश्न आहे, आणि त्याची मर्यादा कितीतरी कडक आहे. अ‍ॅप्टएक्स लो लेटन्सी या पद्धतीत उशीर ४० मिलिसेकंदांच्या आसपास उतरतो आणि तो चालण्यासारखा असतो, परंतु त्यासाठी पाठवणारे व घेणारे अशा दोन्ही उपकरणांत ती पद्धत असावी लागते. एकात असून दुसऱ्यात नसेल तर जोडणी मुकाट्याने एसबीसीवर घसरते. वाय-फायवर चालणारे अनेक खोल्यांचे स्पीकर गाण्यांसाठी उत्तम असले, तरी ते एकमेकांशी मेळ राखण्यासाठी आवाज पुष्कळ आधीपासून साठवून ठेवतात. गाण्याला त्याने काही बिघडत नाही, चालू टीव्हीला बिघडते. उशीर झालेला आवाज कोणत्याही बटणाने पुढे आणता येत नाही. टीव्हीच्या मेनूमधील आवाजाच्या विलंबाची सोय फक्त उशीर वाढवू शकते.

म्हणून आम्ही तार निवडली, आणि ही निवड सध्याच्या घरासाठी मला पूर्णपणे योग्य वाटते.

तार ओढायची ठरली की आवाज टीव्हीतून नेमका कोठून काढायचा हे ठरवावे लागते. टीव्हीच्या मागे किंवा बाजूला हेडफोनचे सॉकेट असेल तर ते सर्वांत सोपे. तेथून निघणाऱ्या आवाजाची पातळी बहुधा रिमोटने कमीजास्तही होते. अडचण अशी की पुष्कळ टीव्हींमध्ये पिन घालताच टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद होतात. काही संचांत दोन्ही चालू ठेवण्याची सोय मेनूमध्ये असते, ती आधी तपासावी. एचडीएमआयच्या एका सॉकेटवर एआरसी असे लिहिलेले असते. २००९च्या एचडीएमआय १.४ आवृत्तीपासून आलेल्या या सोयीने टीव्हीचा आवाज त्याच केबलमधून उलट दिशेने साउंडबारकडे किंवा अ‍ॅम्प्लिफायरकडे जातो. बैठकीत साउंडबार असलेल्यांना ती सोयीची आहे. पण एआरसी चालू झाले की टीव्हीचे स्पीकर सहसा गप्प होतात, आणि आम्हाला तर दोन्हीकडे आवाज हवा होता.

सेट-टॉप बॉक्सचा एक मार्ग फारसा कोणी वापरत नाही, म्हणून तो नोंदवते. बॉक्स एचडीएमआयने टीव्हीला जोडलेला असला तरी त्याच्या मागच्या लाल-पांढऱ्या सॉकेटांतून, किंवा लहान बॉक्स असेल तर एव्ही केबलच्या गोल सॉकेटातून, आवाज बहुतेक वेळा सुरूच असतो. तो थेट अ‍ॅम्प्लिफायरला देता येतो आणि टीव्हीच्या स्पीकरांना काहीही होत नाही. केवळ डीटीएच किंवा केबलच्या वाहिन्या पाहणाऱ्या घराला एवढे पुरते. टीव्हीतील अ‍ॅपवर लावलेला कार्यक्रम मात्र बॉक्समधून जातच नाही, त्यामुळे अ‍ॅपवरचा सामना स्वयंपाकघरात पोहोचणार नाही. शिवाय टीव्ही आपल्याकडे आलेला आवाज चित्राबरोबर जुळवण्यासाठी थोडा रोखून धरतो. बॉक्समधून सरळ काढलेला आवाज तेवढा आधी येतो.

आमच्यासाठी सर्वांत चांगला मार्ग ठरला तो ऑप्टिकल. तोशिबा कंपनीने १९८३मध्ये आणलेली ही जोडणी आजही बहुसंख्य टीव्हींवर असते. चौकोनी सॉकेटाच्या झाकणातून दिसणारा लाल प्रकाश हीच तिची खूण. प्लास्टिकच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने आवाज जातो आणि एका लहान डबीत, म्हणजे डॅकमध्ये, त्याचे पुन्हा विद्युतसंदेशात रूपांतर होते. ही केबल सर्वसाधारणपणे ५ मीटरपर्यंतच भरवशाची असते व तिला तीव्र वळण देता येत नाही, त्यामुळे ती घरभर फिरवण्याच्या फंदात पडू नये. डॅक टीव्हीच्या मागेच ठेवावा आणि तेथून पुढे साधी तार न्यावी. टीव्हीच्या मेनूमध्ये डिजिटल आवाजाचे स्वरूप पीसीएम (न दाबलेला साधा डिजिटल आवाज) निवडणे अत्यावश्यक आहे. स्वस्त डॅकला डॉल्बी या पद्धतीने दाबलेला आवाज उलगडता येत नाही, आणि मग काही कार्यक्रमांना आवाज येतो व काहींना येत नाही असा चमत्कारिक अनुभव येऊन लोक चांगली वस्तू दुकानात परत करतात. आवाजाचा विलंब याच मेनूत शून्यावर ठेवावा, आणि ‘टीव्ही स्पीकर व ऑप्टिकल’ असा पर्याय असेल तर तोच घ्यावा.

ऑप्टिकलचा खरा फायदा आवाजाच्या शुद्धतेपेक्षा वेगळाच आहे. लांब तार टाकली की स्पीकरमधून सतत घूं असा आवाज येऊ लागतो. इलेक्ट्रिशियन याला हमिंग म्हणतात. टीव्ही डिशच्या किंवा केबलच्या तारेमार्फत एका ठिकाणी जमिनीला जोडलेला असतो, अ‍ॅम्प्लिफायर तीन पिनांच्या प्लगमार्फत दुसऱ्या ठिकाणी, आणि या दोन अर्थिंगांमधील विद्युतदाबाच्या किंचित फरकाने आवाजाच्या तारेभोवतीच्या धातूच्या जाळीतून वीज वाहून ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटींत घूं ऐकू येते. काही जण यावर अर्थिंगची पिनच कापून टाकतात. कृपया असे कधीही करू नये. उपकरणात बिघाड झाल्यास त्याच पिनेने माणसाचा जीव वाचतो. प्रकाशाच्या तंतूत तांबे नसल्याने ऑप्टिकल जोडणीत हे वर्तुळच तुटते. टीव्ही आणि पुढचे सगळे यांच्यात विजेचा संबंध उरत नाही, आणि हमिंग मुळातून जाते. हेडफोनच्या सॉकेटातून किंवा बॉक्समधून आवाज घेणाऱ्यांनी हेच काम करणारा, लाल-पांढऱ्या पिनांमध्ये बसणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावावा.

डॅकपासून पुढे दोन प्रकार संभवतात. अ‍ॅम्प्लिफायर टीव्हीजवळ ठेवून स्पीकरची तार आत न्यायची, किंवा क्षीण संदेशाची जाळीदार तार आत नेऊन अ‍ॅम्प्लिफायर आतच ठेवायचा. पहिला प्रकार सोपा असला तरी आवाज कमीजास्त करण्याची चावी बैठकीत राहते, आणि पलंगावरच्या माणसाला प्रत्येक वेळी हाक मारावी लागते. ज्यांच्यासाठी हा खटाटोप करायचा त्यांच्याच हाती चावी नसेल तर अर्धे काम वाया गेले असे मी मानते. म्हणून डॅकपासून आईंच्या खोलीपर्यंत चांगल्या जाळीची १२ मीटर तार छताच्या कडेने केसिंग पट्टीतून नेली आणि लहानसा क्लास-डी (कमी विजेत चालणाऱ्या प्रकारचा) अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या उशाजवळच्या फळीवर ठेवला. ही तार विजेच्या तारांच्या पाइपातून नेऊ नये. २३० व्होल्टच्या तारेचे आवरण खराब झाले तर ती वीज अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचू शकते, आणि शेजारून गेली तरी हमिंग येतेच. जेथे ओलांडावीच लागेल तेथे काटकोनात ओलांडावी.

एकाच खोलीत डावा आणि उजवा असे दोन स्पीकर आईंना नको होते. निवेदन ऐकायला कानाजवळ एक स्पीकर पुरतो. त्यामुळे डॅकमधून निघणारे डावे-उजवे संदेश प्रत्येकी १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून एकत्र केले आणि तोच मिश्र संदेश अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन्ही बाजूंना दिला. अ‍ॅम्प्लिफायरची डावी बाजू आईंच्या स्पीकरला आणि उजवी बाजू भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघरातील स्पीकरला जोडली. याने एक सुंदर सोय आपोआप झाली: अ‍ॅम्प्लिफायरवरील बॅलन्सची चावी आता दोन खोल्यांमधील आवाजाची वाटणी करते. दुपारी आई झोपल्या असतील तर ती स्वयंपाकघराकडे फिरवायची, रात्री त्यांच्याकडे. मात्र असल्या लहान क्लास-डी अ‍ॅम्प्लिफायरचे ऋण टोक बहुधा समाईक नसते, दोन्ही टोकांना संदेश असतो. म्हणून दोन स्पीकरांच्या काळ्या तारा एकत्र बांधून एक तार वाचवण्याचा मोह टाळावा, नाहीतर अ‍ॅम्प्लिफायर जळतो.

स्वयंपाकघराकडे ६ मीटर तार लागली. १ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध सुमारे ०.२ ओहम होतो, आणि ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. स्पीकरच्या तारेसाठी म्हणून विकली जाणारी महागडी तार घेण्याचे कारण नाही. वीजकामाची चांगल्या तांब्याची दोन पदरी फ्लेक्झिबल तार इतवारीत मीटरवर मिळते. रोध स्पीकरच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवला की पुरे.

बेस बराच उतरवून आणि ट्रेबल थोडा चढवून ठेवल्याने बोलणे कूलरमधूनही उठून दिसते. स्पीकर कूलरच्या थेट झोतात नसावा, कारण दमट हवेने कागदी कोन सैल पडतो. डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले आहेत. घरगुती आवाजाला दोन्ही मिळून जेमतेम काही वॉट घेतात.

भाड्याच्या घरात छताच्या कडेने तार न्यायची परवानगी नसेल, किंवा आतली खोली एसीची असून दार बंदच राहत असेल, तर ब्लूटूथ घ्यायला काहीच हरकत नाही. तेथे दुसरा आवाज पोहोचतच नाही आणि २०० मिलिसेकंदांचा उशीर कोणालाही कळत नाही. फक्त मधल्या भिंती जाड विटांच्या असतील तर १० मीटरचा पल्ला कागदावरच राहतो, आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू असताना आवाज तुटू शकतो, कारण दोघेही २.४ गिगाहर्ट्झच्याच पट्टीत काम करतात. आपले घर कोणत्या प्रकारात मोडते याविषयी शंका असेल तर पैसे खर्च करण्यापूर्वी कोणाकडून तरी ब्लूटूथ स्पीकर तासाभरासाठी मागून आणावा, टीव्हीचे स्पीकरही चालू राहतील असे पाहावे, बातम्या लावाव्यात, नेहमी जी दारे उघडी असतात ती उघडी ठेवावीत, आणि दोन खोल्यांच्या मधल्या दारात उभे राहून ऐकावे. निवेदकाचा प्रत्येक शब्द एकदाच ऐकू आला तर ब्लूटूथ घ्यावे. दोनदा ऐकू आला तर तार मोजायला घ्यावी.